अंड्याची शिडी घरी चढण्यापूर्वी

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना घरच्या घरी थोडेथोडे अंडे देत गेल्यास ती ॲलर्जी निघून जाते, अशा आशयाच्या चित्रफिती आणि संदेश गेल्या काही काळापासून पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये फिरत आहेत. पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांच्या आहाराविषयी सल्ला देण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे, आणि अशा मुलांच्या आया हल्ली मोबाइल पुढे करून ‘हे करून बघू का?’ असे विचारतात. या संदेशांतील पद्धत बनावट नाही. ‘अंड्याची शिडी’ म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत परदेशातील ॲलर्जीतज्ज्ञांनी विचारपूर्वक आखली आहे आणि योग्य मुलाच्या बाबतीत तिचा उपयोगही होतो. परंतु ती कोणत्या मुलासाठी आहे आणि कोणत्या मुलासाठी अजिबात नाही, हा तिचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा भाग या फिरत्या संदेशांतून गळून पडला आहे. शिवाय तिच्या पायऱ्या ज्या पदार्थांवर बेतल्या आहेत, त्यांतले बरेचसे पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात होतच नाहीत. या दोन गोष्टींकडे पालकांचे, आणि त्याहूनही अधिक आमच्या क्षेत्रातील संघटनांचे, लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पद्धतीमागचे कारण समजून घेतले, तर पुढचे सगळे सोपे होते. अंड्याच्या पांढऱ्या भागातील प्रथिनांत निम्म्याहून थोडा अधिक वाटा ओव्हाल्ब्युमिनचा असतो. हे प्रथिन उष्णतेने लवकर बदलते आणि मग अनेक मुलांचे शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखत नाही. सुमारे दहावा हिस्सा असलेले ओव्होम्युकॉइड मात्र चिवट असते. नुसत्या उकडण्याने त्याचे फारसे काही बिघडत नाही. तरीही अंडे गव्हाच्या पिठात एकजीव करून बराच वेळ भाजले, की गव्हातील प्रथिनांच्या जाळ्यात तेही अडकते आणि त्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. त्यामुळे ऑम्लेटचा एक घास खाऊन अंगावर पित्त उठणारे मूल केकचा तुकडा मात्र निर्धास्त पचवू शकते. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील डॉक्टरांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी सत्तर टक्क्यांहून थोड्या अधिक मुलांनी असे भाजलेले अंडे सहन केले. पुढे ब्रिटनमधील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २०१० मध्ये आणि नंतर सुधारून २०२१ मध्ये अंड्याच्या ॲलर्जीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, तर कॅनडातील तज्ज्ञांनी २०२१ मध्ये चार पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध केली. तपशील थोडे वेगळे असले, तरी क्रम तोच आहे: आधी पिठात मिसळून खूप भाजलेले अंडे, मग तव्यावर थोडा वेळ शिजलेले पीठ-अंड्याचे पदार्थ, त्यानंतर कडक उकडलेले अंडे किंवा पूर्ण शिजलेले ऑम्लेट, आणि शेवटी अर्धकच्चे किंवा कच्चे अंडे.

आता गळून पडलेल्या भागाविषयी. ही शिडी घरी चढण्याची मुभा ज्या मुलांना दिली जाते, त्यांची आधीची प्रतिक्रिया सौम्य असावी लागते, म्हणजे तोंडाभोवती लाली, अंगावर थोड्या गांधी, एखादी उलटी, एवढ्यावर ती थांबलेली असावी लागते. अंडे खाल्ल्यावर ज्या मुलाला कधी धाप लागली, छातीत घरघर झाली, आवाज बसला, जे मूल निस्तेज होऊन मलूल पडले किंवा बेशुद्ध झाले, अशा मुलाची पहिली पायरी घरात नसते. ती रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरवायची असते. ज्याचा दमा आटोक्यात नाही, रात्रीचा खोकला चालू आहे, पंप वारंवार लागतो आहे, अशा मुलाचीही तीच गोष्ट आहे, कारण ॲलर्जीची प्रतिक्रिया जीवघेणी होण्यामागे अनियंत्रित दमा हे एक मोठे कारण असते. अंड्याचा केवळ अंश पोटात जाऊन किंवा केक-बिस्किटासारख्या भाजलेल्या पदार्थानेही ज्याला त्रास झाला आहे, त्याला त्याच पदार्थाने घरी सुरुवात करून देण्यात शहाणपण नाही. अंडे खाल्ल्यावर एक ते चार तासांनी, अंगावर पुरळ वगैरे काही न येता, ज्या तान्ह्या मुलाला उलट्यांवर उलट्या होतात आणि ते पांढरेफटक पडते, त्याचा आजार निराळ्या प्रकारचा असू शकतो आणि त्याला ही शिडी लागू होत नाही. मी ज्या चित्रफिती पाहिल्या, त्यांतील बहुतेकांत यातील एकही वाक्य नव्हते. केकची कृती मात्र सविस्तर होती.

माझे मत असे, की ही गाळणी आपल्याकडे ब्रिटन-आयर्लंडपेक्षा अधिक बारीक असली पाहिजे. तिथे धोका असलेल्या मुलाच्या घरी ॲड्रेनलिनचे, म्हणजे तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणाऱ्या औषधाचे, पेनासारखे इंजेक्शन असते, पालकांना ते मांडीत कसे टोचायचे हे शिकवलेले असते, आणि एका फोनवर रुग्णवाहिका दाराशी येते. आपल्याकडे ही तयार पेने सहज मिळत नाहीत. ॲड्रेनलिन मिळते ते काचेच्या छोट्या कुपीत, आणि ती फोडून मुलाच्या वजनाप्रमाणे औषध भरणे घाबरलेल्या आईबापांकडून अपेक्षिणे अवघड आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत, पण घाटातल्या वाडीवर ती पोहोचायला लागणारा वेळ आणि शहरातला वेळ एक नसतो. म्हणून घरापासून ॲड्रेनलिन देऊ शकणारा दवाखाना किती अंतरावर आहे, हा प्रश्न आपल्याकडे मुलाच्या आजाराच्या इतिहासाइतकाच विचारला गेला पाहिजे. घरात असलेले सेटिरिझिनचे औषध खाज आणि पित्त कमी करते. श्वास अडकला असेल, तर ते उपयोगाचे नाही, आणि ते पाजून वाट पाहत बसण्यात मोलाचा वेळ जातो. अशा वेळी मुलाला उभे करू नये, चालवू नये. आडवे ठेवून पाय उंच करावेत, धाप लागली असेल तर बसू द्यावे, आणि थेट इंजेक्शन मिळेल तिथे न्यावे.

याच्या अगदी उलट टोकालाही तितकीच मुले अडकलेली दिसतात, आणि त्यांच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. ज्यांना अंड्याची ॲलर्जी नाहीच, अशा मुलांचे अंडे केवळ रक्ताच्या तपासणीचा कागद पाहून वर्षानुवर्षे बंद केलेले असते. अनेक पदार्थांची एकत्र तपासणी करून देणारी ‘ॲलर्जी पॅनेल’ आता मध्यम शहरांतील प्रयोगशाळांतही मिळतात आणि त्यांत दहा-बारा पदार्थांपुढे लाल खूण येणे मुळीच दुर्मीळ नाही. बंगळूरु आणि म्हैसूर येथील प्रौढांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रक्ततपासणीत कोणत्या ना कोणत्या पदार्थाविषयी संवेदनशीलता आढळलेल्यांचे प्रमाण २६.५ टक्के होते, पण खरोखर अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता असलेले लोक १.२ टक्केच निघाले. अहवालातील खूण आणि प्रत्यक्ष आजार यांत एवढे अंतर असेल, तर अंडे खाऊन कधीही त्रास न झालेल्या मुलाचे अंडे कागदावरून तोडणे अन्यायाचे आहे. आयजीजी प्रकारच्या, म्हणजे रक्तातील एका प्रकारची प्रतिपिंडे मोजणाऱ्या तपासण्या तर अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी वापरूच नयेत, असे जगभरातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना सांगत आल्या आहेत. गालांवर इसब असलेल्या बाळांचे अंडे, दूध, गहू असे एकेक करून सगळे बंद केले जाते, ते आणखी चिंतेचे आहे. जो पदार्थ बाळाला पचत होता तो दीर्घकाळ बंद ठेवल्यानंतर पुन्हा दिला, तेव्हा तत्काळ आणि तीव्र ॲलर्जी उद्भवल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. अशा मुलांना शिडीची गरज नसते. त्यांना नीट निदानाची आणि इसबाच्या योग्य उपचाराची गरज असते.

येथे आणखी एक गल्लत दूर करायला हवी. बाळाला वरचे अन्न सुरू करताना अंडे उशिरा न देता वेळेवर दिल्यास ॲलर्जी होण्याचा संभव कमी होतो, असे आता बऱ्यापैकी प्रस्थापित झाले आहे. जपानमध्ये इसब असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची अगदी अल्प मात्रा रोज दिली गेली आणि इसबावरही काटेकोर उपचार चालू ठेवले गेले. २०१७ च्या त्या अभ्यासात वर्षाच्या वयाला अंड्याची ॲलर्जी या गटात ८ टक्के मुलांना आढळली, तर न दिलेल्या गटात ३८ टक्के मुलांना. हा मार्ग ॲलर्जी होऊ नये यासाठीचा आहे. ज्याला ॲलर्जी झालेलीच आहे, त्याच्यासाठीची शिडी ही वेगळी बाब आहे. दोन्ही बातम्या एकाच संदेशात कोंबल्यामुळे ‘लवकर द्या, थोडे द्या, सवय होते’ असे एक घातक सूत्र तयार झाले आहे, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात ते आधीपासूनच होते, त्याला आता विज्ञानाचा शिक्का मिळाला आहे.

स्वयंपाकघराचा प्रश्न मला सर्वांत निकडीचा वाटतो, कारण त्यावर मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. परदेशी शिडीवरील पहिला पदार्थ म्हणजे बिस्किट किंवा छोटा केक. त्यात अंडे किती आहे, पीठ किती, ते किती अंशांवर आणि किती मिनिटे भाजले, हे सगळे मोजलेले असते. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी वापरलेल्या प्रकारच्या कृतीत दोन अंड्यांत सहा छोटे केक होतात आणि ते साधारण १७५ ते १८० अंश सेल्सिअसवर अर्धा तास भाजले जातात, म्हणजे एका केकमध्ये अंड्याचा तिसरा हिस्सा, सुमारे दोन ग्रॅम प्रथिने येतात. एवढा केकही पहिल्याच दिवशी कोणी अख्खा देत नाही. सुरुवात चिमूटभर चुऱ्याने होते आणि मात्रा केव्हा, किती वाढवायची हे डॉक्टर लिहून देतात. आपल्याकडे मात्र केक कुकरची शिटी काढून, तळाला मीठ किंवा वाळू पसरून केला जातो, काही घरी जाड बुडाच्या कढईत, काही घरी ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये. कुकरमध्ये कडा करकरीत होतात आणि मधला भाग ओलसर राहतो. सुरी घालून पाहिल्यावर ती कोरडी निघाली, तरी मधला आणि कडेचा तुकडा सारखा भाजलेला नसतो. आईने कडेचा तुकडा दिला तेव्हा काही झाले नाही आणि दुसऱ्या दिवशी मधला दिला तेव्हा पित्त उठले, असे यातून घडू शकते, आणि त्याचा दोष पद्धतीला दिला जातो. साधा मायक्रोवेव्ह तर भाजतच नाही. दोन मिनिटांत मगात फुगणारा केक हा या कामासाठी केक नव्हेच. कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवा फिरवून भाजण्याची सोय असेल, तरच तो ओव्हनचे काम करतो.

बेकरीतून आणलेल्या केकच्या बाबतीत प्रश्न आणखी वेगळा असतो. सुट्या मिळणाऱ्या मावा केकमध्ये किंवा चौकोनी तुकड्यांत अंडे किती, हे बेकरीवाल्यालाही एका तुकड्यापुरते सांगता येत नाही, आणि आज अंडे घातलेला माल उद्या बिनअंड्याचा असू शकतो. नानकटाई, खारी, टोस्ट यांत बहुधा अंडे नसतेच, त्यामुळे महिनाभर रोज बिस्किट खाऊन पहिली पायरी पार झाली असे समजणाऱ्या कुटुंबाचे मूल प्रत्यक्षात जमिनीवरच उभे असण्याची शक्यता असते. म्हणून पहिल्या पायरीसाठी पदार्थ घरीच, मोजून आणि प्रत्येक वेळी त्याच भांड्यात, त्याच आचेवर करावा, असा माझा आग्रह असतो. एकदा केलेले केक तुकडे करून फ्रीजरमध्ये ठेवले, तर रोजचा खटाटोपही वाचतो.

पुढच्या पायऱ्यांवर तर आपल्या पदार्थांनी फारच घोटाळा होतो, कारण ‘ब्रेड आहे ना त्यात’ किंवा ‘पीठ आहे ना त्यात’ एवढ्यावर आया निर्धास्त होतात. अंड्यात बुडवून तव्यावर परतलेला ब्रेड, अंड्यात घोळवून तळलेले कटलेट, मुंबईच्या गल्ल्यांत मिळणारी बैदा रोटी, या सगळ्यांत पीठ आणि अंडे शेजारी-शेजारी असतात, एकजीव झालेले नसतात, आणि ते आचेवर दोन-चार मिनिटेच राहतात. त्यांची जागा केकच्या शेजारी नाही, ऑम्लेटच्या शेजारी आहे. कणीक किंवा मैद्यात अंडे फेटून घातलेली धिरडी परदेशी पॅनकेकच्या जागी बसू शकतात, पण ती पातळ आणि दोन्ही बाजूंनी नीट भाजलेली हवीत. तांदळाच्या घावनात किंवा आंबोळीत गहू नसल्यामुळे गव्हाच्या प्रथिनांचे ते जाळे मिळत नाही. ‘तांदूळ पचायला हलका’ हा आपला अनुभव येथे कामाचा नाही. अंड्याचा रस्सा तासभर उकळला, तरी त्यातील अंडे उकडलेल्या अंड्याच्याच पायरीवर राहते. भुर्जी कोरडी होईपर्यंत परतली तर एका पायरीवर, आणि इराणी हॉटेलात किंवा पारशी घरात होणाऱ्या अकुरीसारखी ओलसर ठेवली तर तिच्या वरच्या पायरीवर. गोव्याच्या बेबिंकेत भरपूर बलक असतात आणि तिचा एकेक थर वेगवेगळा भाजला जातो, म्हणून तिला केक समजू नये. हाफफ्राय, कच्चे अंडे घातलेले मेयोनीज आणि काही प्रकारचे आइसिंग ही शेवटची पायरी. तिथे जंतुसंसर्गाचाही धोका असतो, त्यामुळे लहान मुलाला ती चढवण्याची घाई करण्याचे काहीच कारण मला दिसत नाही.

काही समजुतींचा परामर्श थोडक्यात घेते. गावरान अंड्याने त्रास होत नाही, ही समजूत खरी नाही. कवचाचा रंग आणि कोंबडीचा खुराक बदलला, तरी पांढऱ्यातील ही प्रथिने तीच असतात. बदकाची आणि बटेराची अंडीही पर्याय म्हणून देऊ नयेत, कारण त्यांची प्रथिने कोंबडीच्या अंड्यांशी मिळतीजुळती असतात. ‘नुसता बलक देते’ असे सांगणाऱ्या आईला मी विचारते, की बलकाला चिकटलेले पांढरे पूर्ण निघते का. ते निघत नाही. अंड्याने उठलेल्या पित्ताला ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जाचे पाणी देणारी घरे अजून पुष्कळ आहेत, आणि खऱ्या उष्णतेच्या घामोळ्यांना अंड्याची ॲलर्जी समजणारी घरेही आहेत.

या सगळ्यात आपल्या महाराष्ट्रातली एक खास अडचण आहे, जी कोणत्याही परदेशी कागदावर सापडणार नाही, ती म्हणजे श्रावण. पायरी चढल्यावर त्या पायरीवरचे अंडे नियमित, आठवड्यातून दोन-तीनदा तरी, पोटात जात राहावे लागते. शरीराने मिळवलेली सहनशीलता अशा सातत्यावर टिकते. दीप अमावास्येनंतर मात्र मांसाहार करणाऱ्या असंख्य घरांतून अंडे महिनाभर हद्दपार होते, आणि काही घरांत ते गणपती, पितृपक्ष, नवरात्र असे करत थेट दसऱ्यालाच परतते. केकच्या पायरीवर नीट स्थिरावलेल्या मुलाला एवढ्या खंडानंतर पुन्हा त्याच मात्रेने सुरुवात करून दिली, तर प्रतिक्रिया उमटू शकते. कोणाच्या व्रतात ढवळाढवळ करण्याचा माझा हेतू नाही. मी कुटुंबाला दोनच गोष्टी सांगते: एक तर मुलाची मात्रा औषध म्हणून चालू ठेवता येते का, याचा घरातील सर्वांनी, विशेषतः आजी-आजोबांनी मिळून आधीच निर्णय घ्यावा, आणि माझा अनुभव असा, की ‘औषध’ म्हटल्यावर आजी अनेकदा सुनेआधी होकार देतात, दुसरे म्हणजे ते शक्य नसेल, तर शिडीची सुरुवातच दसऱ्यानंतर करावी, म्हणजे पुढच्या श्रावणापर्यंत सलग नऊ-दहा महिने हाती येतात. खंड पडलाच, तर किती खाली उतरून पुन्हा सुरुवात करायची हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या अंदाजाने जिथे थांबलो तिथूनच पुढे जाऊ नये.

रोजच्या व्यवहारातही काही नियम पाळावे लागतात आणि ते कंटाळवाणे आहेत, हे मान्य आहे. नवी मात्रा सकाळी द्यावी, झोपण्यापूर्वी देऊ नये, आणि नंतर दोन तास मूल नजरेसमोर असावे. खाल्ल्याबरोबर धावपळीचे खेळ, ताप, जुलाब, जागरण, दम्याची उबळ या गोष्टी एरवी सहन होणारी मात्राही त्रासदायक करू शकतात, म्हणून आजारपणात मात्रा थांबवावी किंवा कमी करावी. बहुतेक आईवडील नवी मात्रा रविवारी देऊ पाहतात, कारण तेव्हा दोघे घरी असतात. पण रविवारीच निम्मे दवाखाने बंद असतात, तेव्हा तो दिवस टाळलेला बरा. मात्रा देण्याआधी ॲलर्जीचे औषध पाजून ठेवू नये, कारण त्याने प्रतिक्रियेची पहिली खूण झाकली जाते. ओठांभोवती थोडी लाली आली, तर घाबरून सगळे बंद करण्याचेही कारण नसते. बहुतेकदा एक पायरी खाली येऊन काही आठवडे थांबल्याने भागते, अर्थात डॉक्टरांना कळवून.

एका बाबतीत आपण परदेशी पालकांपेक्षा सुखी आहोत. आपल्या कायद्याप्रमाणे अंडे मांसाहारात मोडते, त्यामुळे पाकिटावर हिरवा ठिपका असलेल्या पदार्थात अंडे घातलेले नसते, आणि २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ॲलर्जी करणाऱ्या घटकांत अंड्याचा उल्लेख करणे बंधनकारक आहे. त्याच कारखान्यात अंड्याचे पदार्थ बनत असल्यास अंश येऊ शकतो, ही बाब वेगळी. खरा धोका आहे तो लेबल नसलेल्या मालात, वाढदिवसाच्या केकमध्ये आणि शाळेच्या डब्यात. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले होते आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला. आदिवासी भागातील अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून अंडी दिली जातात. मी या अंड्यांच्या बाजूची आहे, कारण गरीब घरातील मुलाला इतके उत्तम आणि स्वस्त प्रथिन दुसरे मिळणे कठीण आहे. पण ज्या शाळेत अंडे शिजते, तिथे कोणत्या मुलाला ते चालत नाही याची नोंद वर्गशिक्षकांकडे आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंकडे असली पाहिजे. शिडी चढणाऱ्या मुलाच्या बाबतीत ‘केक चालतो, उकडलेले अंडे चालत नाही’ असे स्पष्ट लिहून दिले पाहिजे, कारण ‘ॲलर्जी आहे म्हणता आणि केक कसा खातो?’ हा प्रश्न शाळेत हमखास विचारला जातो. अंड्याच्या भीतीने गोवराची लस पुढे ढकलणारे पालकही मला भेटतात. गोवर-रुबेला आणि एमएमआर या लशी अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना सुरक्षित आहेत. मुंबईतील गोवंडी परिसरात २०२२ मध्ये गोवराने घेतलेले बळी पाहिल्यावर तरी ही चालढकल थांबायला हवी होती.

शिडीकडून किती अपेक्षा ठेवावी, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अंड्याची ॲलर्जी असलेली पुष्कळ मुले काहीही न करता मोठी होता होता त्यातून बाहेर पडतात. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत सहा वर्षांच्या वयापर्यंत जवळजवळ निम्मी मुले बरी झालेली होती. भाजलेले अंडे नियमित दिल्याने हे लवकर घडते, असे सुचवणारे अभ्यास आहेत, पण ते निर्विवाद सिद्ध झाले आहे असे म्हणता येत नाही. तरीही मूल केक खाऊ शकते हे कळणे हाच एक मोठा दिलासा असतो: वाढदिवसाला ते कोपऱ्यात बसत नाही, आईची प्रत्येक पाकीट उलटून पाहण्याची धास्ती कमी होते. काही मुलांना अंड्याची चवच आवडत नाही, आणि ज्या पदार्थाने त्रास झाला त्याचा वास आला तरी ती तोंड फिरवतात. अशा मुलाला जबरदस्तीने भरवू नये. पूर्ण शाकाहारी कुटुंबांनी तर केवळ सर्व मुले चढतात म्हणून ही शिडी चढण्याची आवश्यकता नाही, मात्र मूल बाहेर चुकून अंडे खाईल, तेव्हा काय करायचे याची तयारी त्यांच्याकडेही असावी.

इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या महाराष्ट्र शाखेला आणि राज्यातील गृहविज्ञान महाविद्यालयांना माझी विनंती आहे, की त्यांनी एकत्र येऊन आपल्या पदार्थांवर आधारित अशी मराठी शिडी तयार करावी. कुकर, कढई आणि ओटीजी यांत केलेल्या केकच्या मोजलेल्या कृती, प्रत्येक तुकड्यात येणारे अंड्याचे प्रमाण, धिरडी आणि भुर्जी कोणत्या पायरीवर बसतात याचा निवाडा, आणि या सगळ्याच्या आधी, ठळक अक्षरांत, कोणत्या मुलाने ती घरी चढू नये याची यादी त्यात असावी. हे काम खर्चाचे नाही. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एका सत्रात होण्यासारखे आहे. आपल्यासारख्या दैनिकांनीही आरोग्यविषयक पानांवर अशा कृती छापताना ती यादी कृतीच्या वर छापावी, खाली बारीक टाइपात नको.

तोपर्यंत पालकांनी मोबाइलवरचा संदेश जरूर डॉक्टरांना दाखवावा, पण त्यासोबत एका कागदावर एवढे लिहून न्यावे: मुलाने अंडे कोणत्या स्वरूपात आणि साधारण किती खाल्ले होते, त्यानंतर किती मिनिटांनी काय काय झाले, श्वासाचा त्रास झाला होता का, त्या दिवशी ताप किंवा सर्दी होती का, दम्याचा पंप चालू आहे का, अंडे घातलेला कोणता पदार्थ मूल आजही निर्धोक खाते, आणि घरापासून रात्री उघडा असणारा दवाखाना किती वेळाच्या अंतरावर आहे. एवढ्या माहितीवरून पहिली पायरी घरात असावी की रुग्णालयात, हे डॉक्टरांना पुष्कळदा त्याच भेटीत सांगता येते.

आपली विश्वासू,
एक आहारतज्ज्ञ वाचक